शेताची पाहणी जुलैत करा: गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व सदस्य,
पर्वरी.

सन्माननीय आमदारहो,

२०२३ साली तुमच्या सभागृहाने एकाच वर्षात दोन कायदे केले. एकाने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी घातली. दुसऱ्याने नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात १७(२) हे कलम घातले आणि प्रादेशिक आराखड्यात, म्हणजे कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय केली. पहिल्याचे आम्ही शेतकऱ्यांनी मनापासून स्वागत केले. दुसऱ्याचा खरा उपयोग जमिनीच्या दलालांना आमच्याआधी कळला. शेत हिरवे आहे तोवर विकता येत नाही, म्हणून आधी नकाशावरचा त्याचा रंग बदलून घ्या, असा दोन्ही कायद्यांचा मिळून अर्थ निघत होता.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) राबवण्यासाठी केलेले नियम रद्द केले. एकेका मालकाच्या अर्जावरून तुकड्यातुकड्याने आराखडा बदलत जाणे याला चूक-दुरुस्ती म्हणता येणार नाही, असा त्या निवाड्याचा रोख. पण त्याच्या वर्षभर आधीच तुम्ही त्याच कायद्यात ३९-अ हे कलम आणून ठेवले होते. त्यात चूक दाखवण्याचीही गरज उरली नाही. अर्ज करा, लोकांच्या हरकतींना तीस दिवस द्या, झोन बदलून घ्या.

त्याआधी १६-ब होते. कलमांचे आकडे बदलत राहतात आणि आमचे वकील मित्र त्यांच्यावर तासन्‌तास बोलतात. पद्धत मात्र तीच राहिली आहे: मालकाने एका सर्वे नंबरासाठी अर्ज करायचा, त्या एका नंबराचा नकाशा जोडायचा, आणि नियोजन मंडळाने तेवढ्यापुरता विचार करायचा. माझे गाऱ्हाणे या पद्धतीबद्दल आहे. एखादे कलम कोर्टात पडले म्हणून ते मिटत नाही.

मी पेडणे तालुक्यातला. आठवडाभर म्हापशात नोकरी करतो, शनिवार-रविवारी आणि लावणी-कापणीला रजा टाकून शेतात असतो. गोव्यात भात पिकवणारे बरेचजण आता असेच अर्धे नोकरदार आहेत. आमच्या भागात जमीन कशी चालते हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक असणार, कारण तुम्हीही गावातूनच निवडून आलात. तरी एकदा कागदावर येऊ दे.

वर सडा असतो, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. मे महिन्यात तो असा करपलेला दिसतो की तिथे काहीच नाही असे कोणालाही वाटावे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सड्यावर पडलेल्या पावसातला बराचसा हा जांभा पोटात घेतो. पायथ्याला कुठेतरी त्याची झरी फुटते. काही झऱ्या दिवाळीपर्यंत वाहतात, काही शिमग्यापर्यंत. कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, त्यांच्यावर जगतात, वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, भात त्यांच्यावर होते, वाड्यावरच्या विहिरींची पातळी त्यांच्यावर अवलंबून असते. झरीचा व्हाळ, म्हणजे ओढा, होतो, व्हाळ शेतात उतरतो. शेतकरी मेरेला, म्हणजे शेताच्या बांधाला, एका जागी वाट फोडतो आणि जास्तीचे पाणी खालच्या शेतात सोडतो, खालचा त्याच्या खालच्याला. शेवटी ते खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतात येते.

खाजनाची रचना तर पाहण्यासारखी आहे. नदीचे खारे पाणी अडवायला मातीचा बांध, आणि बांधात मानस. मानशीचे लाकडी दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरती चढू लागली की नदीच्या दाबाने आपोआप मिटते. त्याला मोटर लागत नाही, वीज लागत नाही. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकरी हे बांध सांभाळत आले. खारे पाणी थोडेफार आत आले तरी तग धरणारे कोरगुट भात त्यांनी याच जमिनीत टिकवले. ही सगळी व्यवस्था एका अटीवर चालते: सड्यावर पडलेल्या पाण्याला नदीपर्यंत जायला वाट हवी, आणि ती वाट शंभरेक सर्वे नंबरांतून जाते. तुमच्यासमोर येणाऱ्या फाइलीत त्यातला एकच नंबर असतो.

त्या एका नंबरात काय होते ते सांगतो. आमच्या शेताच्या खालच्या बाजूचा तुकडा गोव्याबाहेरच्या एका कंपनीने घेतला. नाव घेत नाही, तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. एका उन्हाळ्यात रात्रीचे टिप्पर सुरू झाले. तांबडी माती यायची, जेसीबी ती पसरायचा, आणि सकाळी जागा हातभर उंच झालेली असायची. माती कुठून येते ते शोधायला लांब जावे लागले नाही. वरच्या वाड्याच्या मागे डोंगराचा उतार उभा कापलेला होता. म्हणजे एकाच टिप्परात दोन गुन्हे. डोंगर कापायला आणि सखल जागा बुजवायला परवानगीशिवाय मनाई करणारे १७-अ हे कलम तुमच्याच कायद्यात आहे, आणि या दोन्ही गोष्टी त्या कलमात शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. ज्याने ते लिहिले त्याला गोवा ठाऊक होता.

भराव पुरुषभर झाला, मग भोवती चिऱ्याचा गडगा आला. पावसाळा आला तेव्हा आमच्या मेरेची वाट त्या गडग्याला जाऊन थडकली. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यात पाणी तुंबले. रोप आधी पिवळे पडले, मग मुळाशी काळे, हाताने उपटले की सुटून यायचे आणि बोटांना कुजका वास राहायचा. पुन्हा बियाणे आणले, पुन्हा रोप केले, लावणी श्रावणात गेली. पुढच्या वर्षी आमच्या वरच्या शेजाऱ्याने लावणी केलीच नाही. त्याला कोण दोष देणार? त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोघांनी सोडली. शेतात लव्हाळे माजले, गुरे शिरू लागली.

आता गंमत बघा. या सोडलेल्या शेतांपैकी एखाद्यासाठी उद्या झोन बदलाचा अर्ज आला, तर पाहणीला येणारा माणूस एप्रिल-मे महिन्यात येईल, कारण तेव्हा रस्ता कोरडा असतो. त्याला तडकलेली माती दिसेल, सुकलेले गवत दिसेल, बाजूला भरलेला प्लॉट आणि गडगा दिसेल. तो लिहील: जमीन पडीक, लगत बांधकाम, शेतीस अयोग्य. त्यातला एक शब्दही खोटा नसेल! पहिल्या भरावाने दुसऱ्या अर्जाचा पुरावा तयार करून ठेवलेला असतो. दुसरा मंजूर झाला की तिसऱ्याचा. नियोजनाच्या पुस्तकात याला शहराचा विस्तार म्हणत असतील. आमच्याकडे विणलेल्या सुपाची एक काडी ओढावी तसे होते: ओढणाऱ्याला एकच काडी हवी असते, सूप मात्र सगळेच उसवते.

तुम्ही म्हणाल, शहरे वाढणारच. वाढू देत. पण गोव्यात वाढते ते नक्की काय, हे एकदा तुमच्याच खिडकीतून पाहा. विधानसभा पर्वरीच्या पठारावर आहे. भोवती गृहसंकुले, हॉटेले, शोरूम, महामार्ग; नव्या माणसाला ते पणजीचे उपनगरच वाटते. तरी पर्वरीला नगरपालिका नाही. सुकूर, पेन्ह-द-फ्रान्स, साल्वादोर-द-मुंद या पंचायतींत ती वाटली गेली आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली आणि शहरांची संख्या ४४ वरून ७० वर गेली. या सत्तरांपैकी ५६ ही जनगणनेपुरतीच शहरे आहेत. लोकवस्ती पाच हजारांवर, दाटी चौरस किलोमीटरला चारशेच्या वर आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, एवढे झाले की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. तिथला कारभार पाहते ती ग्रामपंचायत: एक सचिव, एखाददुसरा कारकून, कचऱ्यासाठी एक गाडी. मलनिस्सारण नाही, म्हणून प्रत्येक संकुलाची सेप्टिक टाकी. आणि जांभा जसा पाऊस पोटात घेतो तसाच तिचा पाझरही घेतो. खालच्या वाड्यावरची विहीर पिण्यालायक राहिली नाही हे समजायला एक पावसाळा पुरतो.

पेडण्याला हा प्रकार आत्ता गाठतो आहे. मोपाच्या विमानतळाला मिळालेली पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रोखून धरली होती, कारण अर्जात पर्यावरणाची महत्त्वाची माहितीच दिलेली नव्हती. २०२० च्या जानेवारीत ती स्थगिती उठली. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले, जानेवारीपासून विमाने उडू लागली. तो वाद मी उकरून काढत नाही. विमानतळ आता आहे, आमच्या पोरांपैकी काहींना तिथे काम आहे, काहींच्या टॅक्सी तिथे उभ्या राहतात. पण धारगळहून मोपाला सहा पदरी रस्ता झाला आणि दोन्ही बाजूंच्या गावांत जमिनीचे भाव असे चढले की शेतातल्या वाटेवर अनोळखी गाड्या दिसल्या तर आम्ही आता विचारतच नाही कोण आहेत म्हणून. माणूस मोबाइलवर नकाशा उघडून शेताच्या मेरेवर उभा असतो. पायात बूट, आणि पाय मात्र तरव्यात.

याच तालुक्यात तिळारीचे कालवे आहेत. दोडामार्गात धरण, महाराष्ट्राशी भागीदारी, दोन पिढ्यांची वाट पाहणे आणि जनतेचा अमाप पैसा. हे सगळे पेडणे, बार्देश आणि डिचोलीच्या शेतांना पाणी मिळावे म्हणून. लाभक्षेत्रातली जमीन शेतीसाठीच राहावी म्हणून १९९७ मध्ये कायदाही झाला. जिथे सरकारने स्वतःच्या खर्चाने पाट आणून ठेवला, तीच जमीन उद्या सेटलमेंट, म्हणजे वस्तीची जमीन, ठरली तर पाट कशासाठी बांधला, याचा हिशेब कुणीतरी सभागृहात मागायला हवा. तुम्ही तो मागत नाही. कुठल्या बाकावरचे तुम्ही, याने त्यात फारसा फरक पडलेला मला दिसला नाही.

हरमलचे उदाहरण त्याहून चटका लावणारे. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी अभिमानाचे संदेश टाकले होते. ही मिरची भाताची कापणी झाल्यावर किनाऱ्यालगतच्या त्या विशिष्ट जमिनीत होते, म्हणून तिला मानांकन. ती जमीन किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे आज काय उभे राहते आहे, हे सांगायला मानांकन लागत नाही.

‘विकणारे गोंयकारच ना?’ हा प्रश्न सभागृहात आणि चहाच्या गाड्यावर सारख्याच सुरात ऐकू येतो. होय, विकणारे आमचेच. पण कोण विकू शकतो ते बघा. १९७६ च्या दुरुस्तीने कुळ हा कसलेल्या शेताचा मालक मानला गेला, तरी खरेदीचा दाखला मामलेदाराकडून मिळवायचा असतो, आणि कित्येक घरांत आजोबांनी घातलेला तो अर्ज नातू चालवतो आहे. ज्यांना दाखला मिळाला त्यांच्यावर १९९१ च्या कायद्याचे बंधन आहे: कुळ म्हणून मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरायची नाही. बंधन योग्यच आहे, माझी त्याला हरकत नाही. पण याचा अर्थ असा की चिखलात उभा राहणारा सहसा विकणारा नसतो. विकतो तो बहुतेक वेळा जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असलेला, मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेला वारस, ज्याने ते शेत पाण्याने भरलेले पाहून वर्षे झाली. त्याच्यावरही मी रागावत नाही. चाळीस वारसांत एक शेत असले की विकणे हाच वाटणीचा सोपा मार्ग ठरतो.

आणि जे गावात राहून कंटाळून विकतात, त्यांची कारणे तुम्हाला ठाऊक आहेत. मजूर मिळत नाही, पॉवर टिलर वेळेवर येत नाही, रानडुक्कर आणि मोर उरलेले नेतात, गवा तर आता आमच्याकडेही उतरतो. भाताला मिळणारी आधारभूत किंमत खर्चाच्या पुढे फारशी जात नाही. माझ्या शेताखालच्या भरावाशेजारच्या प्लॉटची जाहिरात मात्र ‘भातशेतीचे विहंगम दृश्य’ म्हणून होते. आमची लावणी ही त्यांच्या गॅलरीची शोभा! त्या शोभेचे भाडे आम्ही कुणाकडे मागायचे, तेवढे एकदा कुणीतरी सांगावे.

घरांची गरज आहे, असेही म्हटले जाते. आहेच. आमच्या वाड्यावरच्या मुलाला लग्नानंतर दोन खोल्या वाढवायच्या असतील तर त्याला सनद, नकाशा, पंचायत, आरोग्य खाते, पुन्हा पंचायत अशी वारी करावी लागते. त्याची गरज खरी आहे. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यातले जवळजवळ पाचातले एक घर रिकामे निघाले होते. डोंगर कापून आणि शेत बुजवून बांधलेल्या व्हिला वाड्यावरच्या त्या मुलासाठी नसतात. त्या डिसेंबरात उघडतात.

मला माहीत आहे, यावर तुमचे उत्तर ठरलेले असते: सगळे कायद्यानुसार होते, हरकतींना मुदत दिली होती, कोणी हरकत घेतली नाही. ती मुदत कशी जाते ते सांगतो. नोटीस राजपत्रात येते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. त्यात गावाचे नाव, सर्वे नंबर, उपविभाग आणि क्षेत्रफळ. गावात शेतांना नावे असतात, नंबर कुणाला पाठ नसतात. नंबर वाचून ‘हे तर आपल्या खालचे’ हे उमगायला तलाठ्याकडे किंवा संगणकावर जावे लागते. उमगेपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात. उरलेल्या पंधरात पणजीला जाऊन हरकत द्यायची, तीही कामावरून रजा काढून. ग्रामसभा त्या महिन्यात असतेच असे नाही.

आणि हे वेगळ्या तऱ्हेने होऊ शकते हे गोव्याने एकदा पाहिले आहे. लोक रस्त्यावर आले म्हणून २००७ च्या जानेवारीत सरकारला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालच्या कृती दलाने नवा आराखडा करायला घेतला तेव्हा नकाशे पंचायतींत आले. म्हाताऱ्या माणसांनी त्यावर बोट ठेवून सांगितले, इथे व्हाळ आहे, इथे झरी आहे, ही जागा पावसात बुडते. २०२१ सालापर्यंतचा तो नवा आराखडा निर्दोष नव्हता. काही गावांचे म्हणणे त्यात उतरले, काहींचे नाही, आणि मधली कित्येक वर्षे तो गुंडाळूनच ठेवला होता. तरी नकाशा आधी गावाने पाहायचा, हे तेव्हा मान्य झाले होते. आता त्याच आराखड्यात एकेक नंबर बदलताना गावाला विचारायची गरज का वाटत नाही?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एका नंबरासाठी झोन बदल बंद करा, मग ते कलम कुठलेही असो. आराखडा बदलायचाच असेल तर निदान एका पूर्ण व्हाळाचा, सड्यापासून नदीपर्यंतचा नकाशा समोर ठेवून बदला. त्यावर झऱ्या, पाट, मेरेच्या वाटा, मानशी दाखवा. त्या कुठे आहेत हे सांगायला सल्लागार कंपनी नको, गावातली चार माणसे पुरतील. नोटीस मराठीत आणि कोकणीत, शेताच्या गावातल्या नावासकट पंचायतीच्या फलकावर लागू दे, आणि तीस दिवस ग्रामसभेत ती वाचली गेल्यापासून मोजा. तिळारीच्या लाभक्षेत्राला हात लावू नका. भात पिकवणाऱ्याला, शेत पाण्याखाली ठेवल्याबद्दल, दरवर्षी चौरस मीटरमागे काही द्या. खालच्या गावाच्या विहिरी तो भरतो त्याचा तो मोबदला असेल. जिथे बेकायदा भराव झाला तिथे दंड घेऊन मोकळे होऊ नका. दंड बिल्डरच्या खर्चात आधीच धरलेला असतो. माती उचलायला लावा.

आणि पाहणीचा हंगाम बदला. ही मागणी तुम्हाला किरकोळ वाटेल, माझ्या लेखी ती सगळ्यांत मोठी आहे. भातशेतीच्या कुठल्याही अर्जावर जून ते सप्टेंबरच्या बाहेर केलेली पाहणी ग्राह्य धरू नये, एवढे एक वाक्य नियमांत घाला. त्याला पैसे लागत नाहीत. कोर्टकचेरी लागत नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे तेव्हा डोळ्यांनी दिसते, आणि जे दिसले ते लिहावे लागते.

पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैच्या सुमारासच असते. त्यातली एखादी सुट्टी काढून तुमच्यापैकी कुणी आमच्याकडे आले तर बरे होईल. सत्ताधारी असो, विरोधक असो, आम्ही दोघांनाही त्याच मेरेवरून नेऊ. गाडी मुख्य रस्त्यावर ठेवावी लागेल, पुढे वाट चिखलाची आहे. गमबूट आणा, नसतील तर पंचायतीत सांगून ठेवा, माप कळवा, आम्ही बघतो.

आपला,
पेडणे तालुक्यातला एक शेतकरी